जुनी जिप्सी घरच्या अंगणात: आधी दुरुस्ती, मग बदल

मारुतीची जिप्सी १९८५च्या अखेरीस बाजारात आली. सुझुकीच्या एसजे मालिकेतल्या गाडीची ही लांब चेसिसची आवृत्ती होती. सुरुवातीच्या एमजी ४१० मध्ये ९७० सीसीचे इंजिन होते, १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली आणि पुढे त्याच इंजिनाला सोळा व्हॉल्व्ह आणि इंजेक्शन मिळाले. सामान्य ग्राहकांसाठीची विक्री २०१९च्या सुमारास थांबल्यामुळे आज हाती येणारी प्रत्येक जिप्सी वापरलेली असते, आणि बहुतेक वेळा ती आधीच्या दोन-तीन मालकांच्या हौसेचे आणि हयगयीचे थर अंगावर घेऊन आलेली असते. तरीही घरी काम शिकू पाहणाऱ्या माणसाला मी हीच गाडी सुचवतो. बॉडीपासून वेगळी चेसिस, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आस), चार पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि गिअरबॉक्सपासून सुटा बसवलेला ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) अशी तिची मांडणी इतकी सरळ आहे की, खाली आडवे पडून पाहिले तरी कोणता भाग कशाला जोडला आहे ते डोळ्यांना दिसते. पुढचे मार्गदर्शन मुख्यतः जिप्सी किंगसाठी आहे.

कामाचा क्रम हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. नवा मालक पहिल्याच महिन्यात मोठे टायर घेतो, पाट्यांना लांब शॅकल (पाटा चेसिसला टांगणाऱ्या पट्ट्या) लावतो, आणि ब्रेक, नकल (पुढचे चाक ज्यावर वळते तो सांधा) व सील (तेल-ग्रीस अडवणारी कडी) यांच्याकडे त्याचे लक्ष नंतर जाते. मी स्वतः हाच उलटा क्रम केला होता. रत्नागिरीहून आंबा घाटाकडे जाताना साखरप्याच्या अलीकडे एका खड्ड्यावरून चाक गेले आणि सुकाणू हातात धरवेना इतकी पुढची चाके थरथरू लागली. गाडी पूर्ण थांबेपर्यंत ती थरथर थांबली नाही. घरी येऊन खोलल्यावर दिसले की दोष टायरचा नव्हता. किंगपिनची, म्हणजे नकल ज्या खुंट्यांवर फिरते त्यांची, बेअरिंगे आधीपासूनच सैल झालेली होती आणि जड टायरांनी तो सैलपणा उघड केला होता. म्हणून पहिला पावसाळा संपेपर्यंत गाडी कारखान्यातून निघाली तशी, म्हणजे मूळ मापांवर आणि मूळ भागांवर, ठणठणीत करावी, आणि बदलांचा विचार त्यानंतर करावा.

खरेदीपूर्वी

इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी चेसिस पाहावी. इंजिन बदलता येते, पाटे बदलता येतात, पण कुजलेली चेसिस हा बहुतेकदा व्यवहार सोडून देण्याचा संकेत असतो. एक छोटी हातोडी सोबत न्यावी आणि मागच्या आडव्या पट्टीवर, पाट्यांच्या टांगणीजवळ आणि बॉडी ज्या रबरांवर बसते त्या कानांवर हलके ठोकावे. धड लोखंड खणखणीत वाजते, आतून कुजलेले बद्द वाजते. पायाजवळची गालिचे उचलून तळाचा पत्रा पाहावा, आणि काचेच्या चौकटीची खालची कड बोटाने दाबून पाहावी, कारण तिथे पाणी साचते. कोकणातल्या गाडीबाबत ही तपासणी दुप्पट काळजीने करावी, कारण खाऱ्या हवेत रंगाखालून गंज पसरतो आणि वरून काहीच दिसत नाही.

कागदपत्रांत दोन गोष्टी पाहाव्यात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. तो भरलेला आहे का आणि नोंदणीची मुदत शिल्लक आहे का, हे व्यवहारापूर्वी पाहावे. गाडी लष्कराच्या लिलावातून आलेली असेल, तर तिची नागरी नोंदणी झालेली असल्याखेरीज पैसे देऊ नयेत, आणि चेसिसवर कोरलेला क्रमांक नोंदणीपुस्तकातील क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावा.

जागा आणि हत्यारे

सपाट, कठीण जमीन ही पहिली गरज आहे. सारवलेल्या किंवा मुरमाच्या अंगणात काम करायचे असेल तर जॅकखाली आणि स्टँडखाली जाड फळी घालावी. इथे एक इशारा मनापासून देतो: गाडी जांभ्या चिऱ्यांवर कधीही उभी करू नये. कोकणात प्रत्येक अंगणात चिरे पडलेले असतात आणि दोन चिऱ्यांवर अ‍ॅक्सल टेकवण्याची सवय अनेकांना आहे, पण भिजलेला चिरा एका कोपऱ्यावर भार आला की कोणतीही सूचना न देता फुटतो. तीन टनांच्या दोन स्टँडांची जोडी घ्यावी, न उचललेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी, आणि खाली शिरण्यापूर्वी गाडीला हाताने जोराने हलवून पाहावे.

हत्यारांमध्ये आठपासून चोवीसपर्यंतचे रिंग पाने, गोटी पान्यांचा संच, टॉर्क पाना, ग्रीस गन, एक स्प्रिंग काटा आणि हबच्या (चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) मोठ्या नटाची खास गोटी एवढे पुरते. टॉर्क पान्यावर खर्च करायला लोक कचरतात, परंतु जुन्या गाडीतले अर्धे बोल्ट आधीच्या कोणीतरी जीव खाऊन आवळलेले असतात आणि त्यांचे आटे अर्धे गेलेले असतात. अशा आट्यांवर पुन्हा अंदाजाने जोर दिला तर बोल्ट हातात येतो. कोणताही जुना नट सोडवण्याआधी आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. सकाळी तो निम्म्या कष्टांत सुटतो. सोडवलेला प्रत्येक भाग काढला त्या क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर मांडावा आणि मोबाइलवर छायाचित्र घ्यावे.

पहिले काम ब्रेकचे

जिप्सीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. मागचे ड्रम काढल्यावर आधी आतल्या सिलिंडरच्या रबरी टोप्या बोटाने वर करून पाहाव्यात. आत ओल दिसली तर सिलिंडरचे सील गेलेले आहे, आणि त्या तेलाने लायनर (ड्रमला घासणारे अस्तर) भिजले असतील तर ते घासून वाळवून चालत नाही, दोन्ही चाकांचे लायनर एकदमच बदलावे लागतात. रबरी होज वाकवून पाहावेत. बाहेरून भेगा दिसत नसल्या तरी जुना होज आतून फुगतो, आणि मग पाय काढल्यावरही ब्रेक धरून राहतो व हब तापतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, आणि म्हणूनच त्याचे वय महत्त्वाचे असते. डॉट ४ प्रतीचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब घाट उतरताना कॅलिपरजवळ (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाजवळ) एवढी उष्णता सहज निर्माण होऊ शकते, तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पॅडल तळापर्यंत जाते. गाडी आणल्यावर जुने तेल पूर्ण काढून नवे भरावे आणि पुढे दर दोन वर्षांनी बदलावे. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी, टाकीतली पातळी खाली जाऊ देऊ नये, आणि पॅडलवर असा मदतनीस बसवावा जो ‘दाब’ म्हटल्यावरच दाबील आणि ‘सोड’ म्हटल्याशिवाय पाय उचलणार नाही. सांडलेले ब्रेक ऑइल रंग खाते, ते लगेच पाण्याने धुवावे.

नकल उघडताना

या गाडीचे खरे काम पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकांना असते, म्हणून इथे सविस्तर लिहितो. अ‍ॅक्सलच्या टोकाला एक गुळगुळीत गोल वाटी असते, तिच्यावर नकल फिरते, आणि वर-खाली दोन किंगपिन तिला धरून ठेवतात. त्या वाटीला पुसणारे रबर व फेल्टचे सील मागच्या बाजूला कड्याने आवळलेले असते. चाक जमिनीवर असतानाच या वाटीवरून बोट फिरवावे. बोटाला पातळ, काळसर ग्रीसचा हलका थर लागला तर ठीक. पातळ तेल ओघळत असेल आणि त्याला डिफरन्शियलच्या (अ‍ॅक्सलमधल्या, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या) तेलाचा उग्र, गंधकी वास येत असेल, तर आतले अ‍ॅक्सल सील गेले आहे आणि डिफरन्शियलचे तेल नकलीतले ग्रीस धुऊन बाहेर येत आहे. राखाडी, दुधाळ चिखल लागला तर पाणी आत गेले आहे आणि बेअरिंगे बहुधा गंजलेली आहेत.

सैलपणा पाहण्यासाठी पुढचे चाक उचलावे, ते घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावे आणि त्याच वेळी दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर चाकाची बेअरिंगे सैल आहेत, न थांबली तर किंगपिन सैल आहे. ही एवढी साधी परीक्षा आहे, पण ती न करता केवळ सुकाणूचा डॅम्पर (थरथर शोषणारा दांडा) बदलून देणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. नवा डॅम्पर थरथर काही दिवस दाबून ठेवतो आणि तेवढ्या काळात बेअरिंगे आणखी खराब होतात.

काम हाती घेताना आधी डिफरन्शियलचे तेल काढून घ्यावे. कॅलिपर सोडवून तारेने पाट्याला टांगावा, होजवर लोंबकळत ठेवू नये. मग हब, स्पिंडल (हब ज्यावर फिरतो ती पोकळ दांडी) आणि अ‍ॅक्सल शाफ्ट या क्रमाने काढावेत. शाफ्ट बाहेर ओढताना तो सरळ रेषेत आला पाहिजे, कारण त्याच्या दातांची धार आतल्या सीलच्या ओठावरून घासली की नवे सीलही वाया जाते. त्यानंतर मागचे कडे आणि टायरॉडचे (दोन्ही नकलींना जोडणाऱ्या दांड्याचे) टोक सुटे करून किंगपिन काढावेत. त्यांच्याखाली पातळ पत्र्याच्या शिम असतात. वरच्या शिम वेगळ्या, खालच्या वेगळ्या, आणि उजव्या-डाव्या बाजू कधीही एकत्र न करता चार निरनिराळ्या पुड्यांत बांधून ठेवाव्यात. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात रोलरचे ठसे उमटलेले दिसतील. नखाने जाणवणारा ठसा म्हणजे बेअरिंग संपले.

सगळे भाग डिझेलने धुऊन, फडक्याने कोरडे करून, नवी बेअरिंगे व नवी सील बसवावीत. सीलच्या ओठाला आधी ग्रीस चोळावे. किंगपिन आवळून, पण मागचे सील लावण्यापूर्वी, टायरॉडच्या भोकात स्प्रिंग काट्याचा आकडा अडकवून नकल ओढावी आणि ती हलायला किती भार लागतो ते वाचावे. दुरुस्ती पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा भार कमी लागला तर शिम कमी करावी, जास्त लागला तर वाढवावी. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा एका बाजूला एकच पातळ शिम काढल्याने नकलीचा डगमग पूर्ण गेला, आणि त्यानंतर साखरप्याजवळची ती थरथर पुन्हा अनुभवास आली नाही. दोन्ही बाजूंच्या कामाला नवख्याला दोन पूर्ण दिवस लागतात. ते शांतपणे द्यावेत.

तेले, इंजिन आणि तारा

डिफरन्शियलमध्ये जीएल-५ प्रतीचे तेल लागते. जुन्या गिअरबॉक्समध्ये मात्र जीएल-४ वापरावे, कारण जीएल-५ मधली जास्तीची गंधकयुक्त रसायने सिंक्रोनायझरच्या (गिअर अलगद पडू देणाऱ्या) पितळी कड्यांना त्रासदायक ठरू शकतात. पुढच्या डिफरन्शियलला सुमारे दोन लिटर आणि मागच्याला सुमारे दीड लिटर तेल लागते. तेल काढण्यापूर्वी वरचा, म्हणजे भरण्याचा बोल्ट आधी सोडवून पाहावा. खालचा उघडून तेल सांडल्यावर वरचा सुटत नाही असे लक्षात आले, तर गाडी जागेवरच अडकते. काढलेले तेल गटारात ओतू नये, डब्यात भरून भंगारवाल्याकडे द्यावे.

इंजिनाबाबत थोडक्यात सांगतो. टायमिंग बेल्टचा इतिहास माहीत नसेल तर तो विचार न करता बदलावा, शीतकाचे होज बदलावेत आणि रेडिएटर बाहेर काढून धुवावा. विजेच्या बहुतेक तक्रारी अर्थिंगच्या असतात. बॅटरीपासून चेसिसला आणि चेसिसपासून इंजिनाला जाणाऱ्या जाड तारांची टोके सोडवून, पॉलिश पेपरने चकचकीत करून पुन्हा आवळल्यावर स्टार्टर अधिक जोमाने फिरतो.

गंज

पत्र्याला भोक पडले असेल तर त्यावर पुट्टी भरून रंग देणे म्हणजे खालच्या गंजाला सावली देणे आहे. कुजलेला भाग धड पत्रा लागेपर्यंत कापावा आणि त्याच जाडीचा तुकडा वेल्डिंगने बसवावा. हे काम चांगल्या डेंटरकडून करून घेतले तरी तयारी स्वतः करावी: बॅटरी सोडवावी, इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाच्या संगणकाची जोडणी काढावी, आणि जवळपास वेल्डिंग असेल तर पेट्रोलची टाकी खाली उतरवावी. जोडावर रेड ऑक्साइड, मग सांध्यांना सीलंट, मग रंग असा क्रम ठेवावा. खालच्या अंगाला जळके ऑइल फवारण्याची जुनी पद्धत अजून चालू आहे, पण त्यावर धूळ चिकटून ओला थर बनतो आणि पाट्यांची व चेसिसची रबरी बुशे फुगून सैल होतात. त्याऐवजी चेसिसच्या पोकळीत मेणयुक्त फवारा मारावा, पत्र्यातली पाणी निघण्याची भोके तारेने मोकळी ठेवावीत आणि समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवावे.

आता बदल

पहिला बदल ब्रीदरचा करावा, आणि तो जवळपास फुकट होतो. अ‍ॅक्सलवर हवा आत-बाहेर होण्यासाठी एक लहान झडप असते. तासभर चालून तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते. चार दिवसांनी बोल्ट उघडला तर दुधाच्या चहासारखे तेल बाहेर येते. हे टाळण्यासाठी त्या झडपेच्या जागी नळी बसवून ती इंजिनाच्या खणात वरपर्यंत न्यावी आणि तिच्या टोकाला लहान पेट्रोल फिल्टर लावावा. नळी अ‍ॅक्सलच्या पूर्ण हालचालीइतकी सैल हवी. सह्याद्रीतल्या पावसाळ्यासाठी याहून उपयोगी बदल मला माहीत नाही.

दुसरा बदल दिव्यांचा. ६०/५५ वॉटचे दोन दिवे सुमारे नऊ-दहा अँपिअर प्रवाह घेतात, आणि जुन्या, गंजलेल्या स्विचमधून व लांब तारांतून तो जाताना व्होल्टेज पडते. बॅटरीपासून फ्यूज व रिले (कमी प्रवाहावर चालणारा स्विच) लावून जाड तार थेट दिव्यांपर्यंत दिली, तर तेच कायदेशीर वॉटचे बल्ब स्पष्टपणे अधिक प्रकाश देतात. जास्त वॉटच्या बल्बने समोरच्या चालकाचे डोळे दिपतात आणि होल्डर वितळतो.

टायरबाबत आधी कागदावर हिशेब करावा. जिप्सी किंगचा मूळ २०५/७० आर १५ टायर सुमारे ६६८ मिलिमीटर व्यासाचा असतो, तर अनेकांना हवा असणारा २३५/७५ आर १५ सुमारे ७३३ मिलिमीटरचा. म्हणजे अ‍ॅक्सलखाली प्रत्यक्षात केवळ ३३ मिलिमीटर उंची मिळते. त्याच्या बदल्यात प्रत्येक गिअर सुमारे दहा टक्क्यांनी जड होतो, वेगकाटा साठ दाखवत असताना गाडी सहासष्टने धावत असते, आणि ब्रेक, किंगपिन व क्रॉस जॉइंट (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यांचे सांधे) यांवर कायमचा जादा भार पडतो. चिखलासाठी माझे मत असे आहे की, मूळ मापातच चांगल्या नक्षीचा टायर घ्यावा आणि चिखलात शिरण्यापूर्वी हवा कमी करून, परतताना डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी पुन्हा भरावी. त्यासाठी सोबत छोटा कॉम्प्रेसर ठेवावा.

उंची वाढवायचीच असेल तर ती लांब शॅकलने वाढवू नये. पुढचे शॅकल लांब केल्यावर किंगपिनचा वरचा भाग पुढे झुकतो, कॅस्टर कोन, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, घटतो आणि सुकाणू सरळ राहीनासे होते. खचलेले पाटे नव्याने कमान देऊन घेणे किंवा नवे पाटे बसवणे यातच अनेकदा हवी ती उंची परत मिळते. पाटे अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर बसवण्याचा बदल नवख्याने घरी करू नये. त्यात उंची एकदम काही इंच वाढते, सुकाणूच्या दांड्यांचे कोन, ब्रेक होजची लांबी आणि प्रॉपेलर शाफ्टचे (अ‍ॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्यांचे) कोन सगळेच नव्याने जुळवावे लागतात, आणि घाटातल्या वळणावर गाडी अधिक कलते.

कायद्याची बाजूही इथेच पाहावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. पुढचे लोखंडी बुलबारही डिसेंबर २०१७ मधल्या केंद्रीय मंत्रालयाच्या सूचनेनंतर कारवाईस पात्र ठरले. इंजिन, चेसिस, आसने किंवा बॉडीला हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे. ब्रीदर, रिले, नवी सील आणि मूळ मापाचे टायर यांनी नोंदणीतला तपशील बदलत नाही.

पहिली फेरी

काम झाल्यावर पहिल्यांदा घराभोवतीच दहा-बारा किलोमीटर फिरावे. थांबल्यावर चारही हबांना तळहात लावून पाहावा. एक हब बाकीच्यांहून स्पष्टपणे गरम लागला तर त्याचे बेअरिंग जास्त आवळले गेले आहे किंवा ब्रेक धरतो आहे. फोर व्हील ड्राइव्ह तपासायचा असेल तर तो ओल्या मातीवर किंवा वाळूवर तपासावा. कोरड्या डांबरावर पुढची आणि मागची चाके वळणात वेगवेगळे अंतर कापतात, त्यांच्यामध्ये तो फरक सोसणारा डिफरन्शियल या गाडीत नाही, आणि मग ताण गिअर व क्रॉस जॉइंटवर येतो. लिव्हर अडकला तर जोर न लावता गाडी दोन फूट मागे घ्यावी, तो आपोआप सुटतो.

शंभर किलोमीटर झाल्यावर पाट्यांचे यू-बोल्ट, चाकांचे नट आणि किंगपिनचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत, कारण नवे पाटे आणि बुशे बसल्यावर यू-बोल्ट हमखास थोडे सैल होतात. त्याच वेळी नकलीच्या वाटीवरून पुन्हा बोट फिरवावे आणि जे लागेल ते, तारीख आणि किलोमीटरसह, गाडीच्या वहीत लिहून ठेवावे.